सहाव्या गिअरमधला खड्डा

रविवारी सकाळी शटर अर्ध्यावर ठेवून, चहाचा ग्लास घेऊन तो संगणकासमोर बसला, ते खरं म्हणजे स्वतःचंच कौतुक करून घ्यायला. भावजींच्या मोटरसायकलचं काम काल दुपारी संपलं होतं. काम जमलं की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा एकदा निवांत बघायचं ही त्याची जुनी खोड. बायको म्हणायची, लोक आरशात बघतात, तुम्ही आलेखात बघता. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक कामाआधीची आणि एक नंतरची. आधीच्या रेघेत सात हजार दोनशे फेऱ्यांपाशी एक खाच होती, तिथे इंजिनाला पेट्रोल कमी पडून गाडी गचका खायची. ट्यूनर लोक त्याला खड्डा म्हणतात. नंतरच्या रेघेत खड्डा नव्हता. तो मनातल्या मनात खूश झाला, ग्लास ओठांशी नेला, आणि नजर सहज खालच्या पट्टीवर गेली. तिथे घड्याळाची वेळ असते. ती पट्टी तो कधी बघत नाही, कारण इंजिनाला किती वाजले याच्याशी काही देणंघेणं नसतं. संध्याकाळचे पाच चाळीस. त्याने आदल्या दिवसाची नोंद उघडली. पाच एकेचाळीस. त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाच चाळीस. मग तो एकेक दिवस मागे जात राहिला, आणि चहावर साय धरली तरी त्याचा ग्लास खाली ठेवायचा राहून गेला.

एकोणीस दिवस. रोज तीच वेळ आणि रोज तेच. सहावा गिअर, अॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळलेली, अकरा सेकंद. फेरे चढत जातात, सात हजार दोनशेला गाडी अडखळते आणि त्याच क्षणी मूठ शंभर टक्क्यांवरून शून्यावर. मग ब्रेक, मग गाडी उभी. इंजिन चालू, पण गाडी पाऊण मिनिट नुसती उभी. मग हळूहळू, एखादा म्हातारा भाजी घेऊन परतावा तशी ती घरी येते. पहिल्यांदा त्याने स्वतःची समजूत घातली. भावजी मुळातच शिस्तीचा माणूस, पाकिटातल्या नोटासुद्धा एका तोंडाच्या लावून ठेवणार. खड्डा नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून त्यांनी रोज एकाच जागी, एकाच वेळी गाडी तपासली असेल. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं, असंही त्याने मनाशी म्हणून पाहिलं. पण हात तोवर पुढच्या रकान्यावर गेला होता, वेगाच्या. पहिल्या दिवशी एकशेतीसवरून शून्यावर यायला नऊ सेकंद. दहाव्या दिवसापर्यंत आठ, नऊ, आठ. मग सात. मग सहा, पाच, पाच. शेवटच्या दिवशी, गुरुवारी, चार. चार सेकंदांत थांबणं म्हणजे काय हे वीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पुढचं चाक डांबर खरवडत असतं आणि मागचं जमीन सोडायच्या बेतात असतं. समोर काहीतरी असल्याशिवाय असा ब्रेक कुणी मारत नाही.

आणि समोर काय आहे ते त्याला ठाऊक होतं, कारण तो रस्ता त्यानेच दाखवला होता. शहराच्या टोकाला कालव्यापर्यंत नवा रस्ता करायला घेतला आणि पूल व्हायच्या आधीच पैसे किंवा मर्जी यांपैकी काहीतरी संपलं. एक किलोमीटरचं सरळ, गुळगुळीत डांबर, आणि शेवटाला कमरेइतके उंच काँक्रीटचे ठोकळे ओळीने मांडलेले. ठोकळ्यांपलीकडे कालव्याची कोरडी दरड. शहरातले सगळे मेकॅनिक गाडी पळवून बघायला तिथेच जातात. "एवढा रिकामा रस्ता दुसरा नाही भावजी, कुत्रंसुद्धा आडवं येत नाही," असं त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं.

तो उठला, गाडीपाशी गेला. गाडी जागच्या जागी पळवून तपासायच्या रोलरवरून उतरवून भिंतीशी लावली होती, पुसूनसुद्धा ठेवली होती. सीट उचललं की खाली काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी दिसते, तोच फ्युएल कंट्रोलर. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे कंपनीने ठरवलेलं असतं. सायलेन्सर बदलला, हवेची जाळी बदलली की ते गणित चुकतं, मग ही डबी मधे बसून कुठे चिमूटभर वाढवते, कुठे कमी करते. तिच्या पोटात एक तक्ता असतो, पाढ्यांच्या कागदासारखा. उभ्या ओळीत इंजिनाचे फेरे, आडव्या ओळीत मूठ किती पिळली ते, आणि प्रत्येक खान्यात एक आकडा. सगळी विद्या त्या आकड्यांत. त्याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे, आणि तो टाकीवर हात ठेवून डोळे मिटून इंजिन ऐकायचा म्हणून भावजींनी त्याचं नाव वैद्यबुवा पाडलं होतं. "काय वैद्यबुवा, नाडी लागली का?" असं दारातूनच विचारायचे. नाडीवर बोट होतं खरं, पण रोग्याच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं.

तीन आठवड्यांपूर्वी भावजी डबी निवडायला आले तो दिवस आता त्याला वेगळाच आठवायला लागला. मोटरसायकल त्यांनी त्याआधी थोडे दिवस घेतली होती, आणि पन्नाशीत पंख फुटले म्हणून घरातल्या सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. त्यातही त्याची ताई, भावजींची बायको, पुढे होती, पण ती मनातून सुखावली होती, कारण त्याआधीचं वर्ष घरात कुणी मोठ्याने हसलंच नव्हतं. भावजी काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते, पाळीचे प्रमुख. भट्टी म्हणजे तरी काय, हवा आणि इंधन यांचा मेळ. ज्वाळेच्या रंगावरून त्यांना कळायचं की हवा वाढली आहे. त्या दिवशीही कळलं होतं. पाळी संपताना त्यांनी ते वहीत लिहिलं, तीन ओळी, खाली सही, आणि पुढच्या पाळीचा माणूस वाचेल म्हणून घरी आले. त्या माणसाबरोबर ते अठरा वर्षं एका बाकावर बसून डबा खात होते. त्याने वही उघडलीच नाही. तो तासाभराने भट्टीच्या तोंडाशी गेला, ज्वाळ बाहेर आली आणि तो त्यात गेला. चौकशी झाली, वही तपासली गेली, आणि भावजी निर्दोष सुटले. लिहिलं होतं म्हणून सुटले. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, खिळे-मोळे मोजायला, आणि सगळ्यांनी हुश्श केलं. त्यानेही केलं. "सुटलात ना भावजी, आता विसरून जा," असं तो म्हणाला होता, आणि भावजींनी मान डोलावली होती.

तर त्या दिवशी त्याने टेबलावर दोन डब्या ठेवल्या. एक साधी, एकदा आकडे भरले की भरले. दुसरी महाग. तिची एक तार सायलेन्सरमध्ये जाते, धूर चाखते, सगळं नोंदवून ठेवते, आणि परवानगी दिली तर चालता चालता स्वतः शिकून आपले आकडे आपण सुधारते. भावजींनी साधी डबी बाजूला सारली आणि दुसरी हातात घेऊन बराच वेळ उलटीसुलटी केली.

"ही लिहून ठेवते?"

"सगळं. कधी, किती मूठ, किती वेग, कुठे अडखळली. काही सुटत नाही."

"आणि वाचतं कोण?"

"मी. दुसरं कोण वाचणार?"

"सगळं वाचतोस?"

"एकूण एक ओळ, भावजी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

"मग हीच बसव."

महागडी वस्तू खपली म्हणून त्याला त्या दिवशी बरं वाटलं होतं. एकूण एक ओळ! ते नुसतं दुकानदाराचं बोलणं होतं. तो वाचायचा ते फेरे आणि धूर, बाकीचे रकाने म्हणजे कचरा. त्याची पद्धत अशी की डबी बसवून आधी तीन आठवडे तिला फक्त लिहू द्यायचं, शिकू द्यायचं नाही. मालकाची चाल कळली की मग रोलरवर चढवून आकडे भरायचे. दहाव्या दिवशी भावजी मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. "बघ तरी काय लिहिलंय," म्हणाले. त्याच्यासमोर दुसरी गाडी उघडी पडली होती, हात तेलात. त्याने नोंद उतरवून घेतली, तक्त्यावरून डोळे फिरवले आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण वरच्या खान्यात माहिती कमी पडतेय. पूर्ण मूठ, सात हजारांच्या पुढे. तिथे अजून थोडं जा." भावजी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. "तिथे जाऊ म्हणतोस?" "गेल्याशिवाय कसं कळणार?" तो म्हणाला आणि स्पॅनर शोधायला वळला. रोज कुणा ना कुणाला तो हे सांगतो. आठ सेकंदांचे सात सेकंद त्याच्या दुसऱ्याच दिवशी झाले होते. त्याने तारीख तीनदा पडताळून पाहिली, चुकली असती तर बरं झालं असतं.

त्याने ताईला फोन लावला. पलीकडे पाण्याचा नळ चालू होता. "बोल रे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातच एवढी मोकळीक होती की सांगायचं ते त्याने मागे ठेवलं. भावजी कसे आहेत, त्याने विचारलं. "अरे, दृष्ट लागावी असे आहेत! तुला सांगते, त्या गाडीने माझा संसार वाचवला. कारखाना सुटला की एक चक्कर मारून येतात, आणि आल्यावर इतके शांत असतात... जेवतात दोन घास जास्त, झोप लागते. आधी रात्र-रात्र छताकडे बघत पडायचे." नळ बंद झाला. "का रे? काही आहे का?" काही नाही, तो म्हणाला. आज सुट्टी आहे तर त्यांना घरीच ठेव, गाडी काय उद्या देता येईल, एवढंच त्याला सुचलं. "घरी? ते कधीचे निघाले, रिक्षाने. पोचतीलच. काल तू फोन केलास ना खड्डा भरला म्हणून, तेव्हापासून लहान मुलासारखं चाललंय." त्याने फोन ठेवला. शांत असतात. रोज ठोकळ्यांशी पाऊण मिनिट उभं राहून आलेला माणूस शांतच असणार. आज नाही झालं, उद्या बघू. रोज त्यांना कुणी अडवलं होतं तर त्या खड्ड्याने. माणूस मूठ पिळून डोळे मिटतो, अकराव्या सेकंदाला गाडी खालून गचका देते, अंग जागं होतं आणि हात आपसूक सुटतो. एकोणीस दिवस एवढाच एक अडसर होता, आणि काल दुपारी गाणं गुणगुणत त्याने तो बुजवून टाकला होता.

किल्ली लपवावी का? सुटा भाग यायचाय म्हणून चार दिवस थोपवावं का? चार दिवसांनी काय? दुसऱ्या कुणाकडे नेतील. त्या खड्ड्यात अवघड असं काहीच नव्हतं, कुणीही अर्ध्या तासात भरला असता. बोलावं, हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. पण बोलायचं म्हणजे काय म्हणायचं? भावजी, तुम्ही रोज मरायला जाता का? ज्या माणसाने आपल्याला सायकल शिकवली, आपल्या लग्नात पाहुण्यांची ताटं उचलली, त्याला हे विचारायचं कोणत्या तोंडाने? आणि ते हसले तर? इंजिनाशी बोलणं त्याला कधी जड गेलं नव्हतं, माणसांशी बोलताना मात्र जन्मभर आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळलेलं नव्हतं. आणि आताही ते हात आपलं नेहमीचंच करायला लागले. त्याने डबीची तार संगणकाला जोडली, तक्ता उघडला, पूर्ण मूठ, सात हजार दोनशे, त्या खान्यात काल भरलेले अधिक चौदा पुसले आणि उणे अठरा लिहिले. शेजारच्या दोन खान्यांत उणे बारा. एवढं कमी पेट्रोल म्हणजे गाडी नुसती अडखळणार नाही, लाथ मारेल. जास्त वेळ तिथे राहिलं तर पिस्टन भाजेल. भाजू दे, तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो एखादं चांगलं इंजिन जाणूनबुजून बिघडवत होता, आणि त्याला लाज वाटत होती ती मात्र भलत्याच गोष्टीची, की कुणी बघितलं तर म्हणेल, वैद्यबुवांच्या हाताचा गुण गेला. त्याने तार काढली, सीट बसवलं. तेवढ्यात शटरखाली भावजींचे बूट दिसले.

"काय वैद्यबुवा, नाडी लागली का?"

दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. चेहरा खरंच उजळलेला होता. त्याला वाटलं, आपण काहीतरी भलतंच वाचलं. आकड्यांत काय, शोधलं तर भुतंही सापडतात. भावजींनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला. "चहा घ्या," तो म्हणाला. "आल्यावर घेतो. आधी चालवून बघू दे." "कुठवर जाताय?" हे त्याने इतक्या घाईने विचारलं की भावजी थांबले. "इथेच. मोठ्या रस्त्यावरून वळसा घालून येतो. का?" "नाही, सहज." गाडी गेली. तो शटरला टेकून उभा राहिला. मोठ्या रस्त्यावर रविवारची वर्दळ होती, तिथे सहावा गिअर पडणारही नाही हे त्याला कळत होतं, तरी पंधरा मिनिटं त्याने श्वास धरल्यासारखी काढली. दोन वेळा लांबून इंजिन वर चढल्याचा आवाज आला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ पिळल्यावर येतो तसा, आणि दोन्ही वेळा मधेच तुटला. त्याच्या जिवात जीव आला. नंतर पुन्हा एक-दोनदा आवाज आला, पण मधे एक ट्रक गेला आणि नीटसं ऐकू आलं नाही.

भावजी परतले, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट न काढता तसेच बसून राहिले. "दोनदा अडखळली," ते म्हणाले. तो म्हणाला, "हो का? बघायला हवं." "काल म्हणालास, लोण्यासारखी चालतेय." "रोलरवर चालत होती, भावजी. रस्त्यावर थोडं वेगळं असतं." खोटं बोलताना त्याचे कान तापले. हेल्मेटच्या काचेआड भावजींचे डोळे दिसत नव्हते. मग ते म्हणाले, "आजवर तू अर्धवट काम केलेलं मी पाहिलं नाही." फडक्याने तो आधीच पुसलेले हात पुसत राहिला. मग भावजी सीटवर जरा पुढे सरकले आणि मागची जागा मोकळी केली.

"चल, बस मागे. दाखवतो कुठे अडखळते ते."

नाही म्हणावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. आपण मागे असलो की ते काही करणार नाहीत, आणि खाली तो खड्डा आहेच, दोन-दोन कुलपं झाली. त्याने शटर ओढलं, कुणाचं तरी राहिलेलं हेल्मेट डोक्यात घातलं आणि बसला. कुठे धरावं ते कळेना, लहानपणी सायकलवर धरायचा तसे त्याने भावजींच्या पोटाभोवती हात घातले. शर्टाखालून पोट ऊबदार होतं, थोडं सुटलेलं, श्वासाबरोबर हलणारं. दुकानं मागे पडली, मग गोदामं, मग नुसत्या भिंती. गाडी इतकी सुरेख चालत होती की त्याही स्थितीत त्याच्यातला कारागीर ऐकत राहिला. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना भावजींनी मूठ जोरात पिळली, फेरे वर गेले, सहा हजार, सात हजार, मांडीखाली त्याला प्रत्येक शंभर मोजता येत होता, आणि आता लाथ बसणार म्हणून त्याने अंग आवळलं. काही झालं नाही. गाडी पुढे निघून गेली. एक हलकीशी कुरकुर, बस्स.

आधी त्याला वाटलं, आपण मोजायला चुकलो. मग आठवलं. शिकण्याचा खटका! काम संपलं की सगळ्यात शेवटी तो डबीचं शिकणं चालू करून द्यायचा, दिवा मालवून घराबाहेर पडावं इतक्या सवयीने. कालही दिला होता. सकाळी त्याने आकडे बदलले, खटका तसाच राहिला. डबीला काय ठाऊक त्याच्या मनात काय आहे? मोठ्या रस्त्यावर भावजींनी तिला त्या खान्यात नेलं, तिने धूर चाखला, पेट्रोल कमी आहे हे तिला कळलं, आणि तिने भर घातली. दुसऱ्यांदा नेलं, अजून घातली. दोनदा अडखळली, ते म्हणाले होते. तिसऱ्यांदा काय झालं हे त्याने विचारलंच नाही. आणि आता चौथ्यांदा, पाचव्यांदा, त्याच्याच बुडाखाली बसून ती डबी त्याने खणलेला खड्डा इमानेइतबारे बुजवत होती. त्याने शिकवलं होतं तसंच करत होती.

समोर तो रस्ता उघडला. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, लांब टोकाला ठोकळ्यांची करडी रेघ. पाचवा गिअर. सहावा. "भावजी," तो म्हणाला. हेल्मेटच्या आत त्याचा आवाज फक्त त्यालाच ऐकू आला. भावजींनी मूठ पूर्ण पिळली. गाडी ताणली गेली, वाऱ्याने मान मागे फेकली, त्याने हात घट्ट केले. एक. दोन. तो मोजायला लागला, कारण मोजण्याशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. पाच. भावजींच्या पोटाचं हलणं थांबलं होतं. त्यांनी श्वास धरला होता. सात. वीस वर्षं इंजिनांवर ठेवलेल्या हातांना आज पहिल्यांदा माणूस लागत होता, आणि तो माणूस आतून ताठ झाला होता. आठ. "भावजी, मी वाचलंय!" तो ओरडला. नऊ. "वाचलंय सगळं! भावजी!" दहा. ठोकळे आता वेगवेगळे दिसत होते, मधल्या फटीसुद्धा. अकरा. सात हजार दोनशे आले आणि गेले, लोण्यासारखे, कुठे खरखर नाही, कुठे गचका नाही. बारा. त्याला ताईचा नळ आठवला. तेरा.

मूठ सुटली. ब्रेक लागला तसा तो भावजींच्या पाठीवर आदळला, चाक किंचाळलं, मागची बाजू वर उचलल्यासारखी झाली आणि धपकन खाली बसली. गाडी उभी राहिली. पुढचं चाक आणि ठोकळा यांच्यामध्ये माणूस कसाबसा आडवा उभा राहील एवढी जागा होती. आज मूठ रोजच्यापेक्षा जरा अलीकडून पिळली होती, हे त्याच्या लक्षात आलं. मागे वजन होतं म्हणून, की मागे तो होता म्हणून, हे त्याला कळेना. इंजिन चालू होतं. रबराचा जळका वास वर येत होता.

"आज अडखळली नाही," भावजी म्हणाले. आवाज अगदी साधा.

"नाही."

"कधी वाचलंस?"

"आज सकाळी." त्याला रडू फुटत होतं. "उशीर झाला, भावजी. मला आधीच वाचायला हवं होतं. तुम्ही दहाव्या दिवशी आला होतात..."

"हो, आलो होतो." ते समोर बघत होते, ठोकळ्यांपलीकडे. "तुझी चूक नाही. लिहिणाऱ्याने लिहून मोकळं व्हायचं, हीच चूक. ओरडायला हवं होतं. जाऊन त्याची कॉलर धरून ओढायला हवं होतं त्याला तिथून." मग त्यांनी उजवा हात मागे आणून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, सायकल शिकवताना थोपटायचे तसं, मायेने. त्या थोपटण्याने त्याला अधिकच भीती वाटली.

"उतर आता," ते म्हणाले. "मोठ्या रस्त्यावर रिक्षा मिळेल."

"आणि तुम्ही?"

"मी येतो मागून."

"चला, बरोबर जाऊ."

"अरे, उतर म्हणतोय ना. पाच मिनिटं एकटं बसायचंय मला."

गेल्या वर्षभरात सगळे त्यांच्या असल्या बोलण्यावर उतरत आले होते. ताई उतरली होती, कारखाना उतरला होता, विसरून जा म्हणून तोही उतरला होता. त्याने पाय फूटरेस्टवर आणखी रोवले आणि भावजींच्या पोटाभोवतीची बोटं एकमेकांत अडकवली.

"मी नाही उतरत."

"वेड्यासारखं करू नकोस."

"नाही उतरत मी, भावजी. संध्याकाळपर्यंत बसायचं असेल तर बसा, मी आहे. उद्या आलात तर उद्याही मागे बसेन. ताईला काय सांगायचं ते सांगा, मी सांगू का ते सांगा, पण मी उतरणार नाही."

भावजींनी मूठ किंचित पिळली. इंजिन गुरगुरलं आणि पुन्हा खाली आलं. क्लच त्यांच्या बोटांत दाबलेला होता, गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, आणि ती मागे वळणार की काय करणार हे त्याला पाठीवरून कळत नव्हतं. किल्लीपर्यंत आपला हात पोचतो हे त्याला दिसत होतं, पण हात सोडायचा त्याला धीर झाला नाही. त्याने हेल्मेटसकट डोकं त्या पाठीला टेकवलं आणि तो धरून राहिला. मग हातांखालचं ते ताठ पोट एकदा मोठ्याने हललं, पुन्हा हललं, आणि भावजी वाकून, टाकीवर हेल्मेट टेकवून, कारखान्यातल्या त्या माणसाला नावाने हाका मारायला लागले.